बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

२०११ सालची गोष्ट. शिरगणतीच्या कामावर नेमलेले एक प्राथमिक शिक्षक पालघरजवळच्या आमच्या गावी, आमच्या घरी आले होते. मोठा कागद पसरून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “घरात राहणारी माणसं किती?” माझी आजी उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “माणसं सहा. बाकीच्यांना मोजायचं असेल तर गुरुजी, तुम्हांला मुक्काम करावा लागेल.” गुरुजी हसले, चहा घेऊन पुढच्या घरी गेले. आजीचे ते वाक्य मात्र माझ्या मनात राहिले. मी इतिहास शिकवणारा माणूस. आणि ज्यांना आजी ‘बाकीचे’ म्हणाली त्यांचा इतिहास मी कधी शिकवला नव्हता, आणि मला तो कोणी शिकवलाही नव्हता.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले आणि लढाया येतात. आमच्या तारापूरचेच घ्या. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले, हे इथल्या शाळेतला चुणचुणीत मुलगा सांगेल. पण त्या फौजेच्या राहुट्यांत रात्री कोण कोणाला चावत होते, किल्ल्याच्या कोठारातले धान्य माणसांनी किती खाल्ले आणि सोंड्यांनी किती, हे कोणी लिहून ठेवले नाही. ढेकूण, पिसू, पाल, झुरळ, विंचू, उंदीर ही मंडळी बखरीत येत नाहीत. ती येतात तेव्हा एकदम रोगाच्या रूपाने येतात. मग मात्र सरकारी अहवालांचे ढीग पडतात.

आधी घर पाहू, म्हणजे बिऱ्हाडकरूंची ओळख पटेल. पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगड या बाजूचे जुने घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, खाली सारवलेली जमीन आणि वर पेंढा, गवत नाहीतर गावठी कौले. लग्नाच्या वेळी वारली बायका याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघट देवी बसवतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण ज्या भिंतीवर हा चौक असतो, तिच्या पोटात केवढी वस्ती असते! कारवीच्या काठीत आणि लेपात जी फट राहते तिथे ढेकूण. जमिनीलगत ओल असेल तिथून वाळवीची रांग. चुलीमागच्या उबेला झुरळ. कोपऱ्यात मातीची कुपी करून बसलेली कुंभारमाशी. आढ्याला कोळी, वाशाला पाल, कौलांखाली उंदीर, उंदरामागे धामण आणि कधी कधी नाग. सरपणाच्या ढिगात विंचू आणि गोम. बाहेर पडवीत गुरे, कोंबड्या, मांजर. ती तर घरचीच.

माणसाने या सगळ्यांना हाकलण्याचा फारसा प्रयत्न केला नाही, पण मोकळे रानही दिले नाही. कणगीला आतून बाहेरून शेणाने लिंपायचे, भातात निरगुडीचा नाहीतर कडुलिंबाचा पाला घालायचा, बियाण्याला राख चोळायची, पावसाळ्यात चुलीचा धूर घरभर फिरू द्यायचा. या धुराने डोळे जातात हे खरे, आणि बायकांच्या फुप्फुसांचेही त्याने नुकसान होते, म्हणून त्याचे कौतुक मी करणार नाही. पण आढ्याचे बांबू त्याच धुराने टिकत, हेही खरे.

जे हाकलता येत नाही त्याच्याशी माणूस नाते जोडतो. पंचांगात ‘पल्लीपतन’ नावाचे कोष्टक असते. अंगावर पाल कुठे पडली तर काय फळ, ते त्यात दिलेले असते. डोक्यावर पडली तर एक, उजव्या हातावर पडली तर दुसरे. हसू येते, पण क्षणभर थांबा. ज्या घरात पाल अंगावर पडणे इतके नेहमीचे होते की त्याचे कोष्टक छापावे लागले, त्या घराची कल्पना त्यावरून येते. ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ असे आपण आजही म्हणतो. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, विळी-सुरीने चिरायचे नाही, ही चालही तशीच. वर्षातला एक दिवस तरी जमिनीखालच्या भाडेकरूला दगाफटका नाही, असा तो तह आहे.

कुंभारमाशीची गंमत तर सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे कीटक-भृंगी न्याय म्हणून एक दृष्टांत आहे. माशी अळीला आपल्या मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी होते, असे तो सांगतो. गुरु-शिष्यांच्या नात्याला हा दाखला मोठा गोड वाटतो. प्रत्यक्षात काय होते? माशी अळीला नांगी मारून लुळी करते, मारत नाही. मग तिच्यापाशी अंडे घालते आणि दार लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत, ताजी अळी खाऊन वाढते आणि माशी होऊन बाहेर पडते. निरीक्षण अर्धे बरोबर होते: आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधले कोणी फोडून पाहिले नाही. शिक्षकमित्रांनो, वर्गात हा दाखला द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंनी द्या. मुलांना दुसरी बाजू जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

किडामुंगीकडे पाहण्याच्या दोन अगदी उलट दृष्टी याच किनाऱ्यावर शेजारी शेजारी नांदल्या. संजाणला उतरलेल्या आणि पुढे तारापूर, डहाणू, उदवाड्यापर्यंत पसरलेल्या पारशी समाजाच्या जुन्या धर्मग्रंथांत साप, विंचू, मुंगी, बेडूक हे दुष्ट शक्तीचे प्राणी मानले आहेत. त्यांना मारणे हे पुण्यकर्म. उलट जैन आणि वैष्णव व्यापारी दिवा लागल्यावर जेवायचे नाहीत, का तर पतंग पडेल. आमच्या लोहमार्गावरच पुढे असलेल्या सुरतेत तर प्राण्यांच्या पांजरपोळात किड्यांचीही सोय होती. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेस आला होता. तो लिहितो की, ढेकूण-पिसवांच्या पोषणासाठी अधूनमधून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, आणि चावे असह्य होऊन तो उठून जाऊ नये म्हणून त्याला बांधून ठेवीत. मला स्वतःला यात प्रवाशाच्या मीठमसाल्याचा वास येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर बर्न्स याने सुरतेच्या त्या पांजरपोळावर लिहिले, त्यात धान्याने भरलेल्या आणि किड्यांनी वळवळणाऱ्या लाकडी कोठाराचे वर्णन आहे. ते जास्त पटण्याजोगे आहे. किडे पडलेले धान्य उन्हात टाकून किडे मारण्यापेक्षा ते सगळेच्या सगळे पांजरपोळात नेऊन द्यायचे, म्हणजे हत्या टळली.

दोन्ही दृष्टी एकत्र आल्या त्या मुंबईत, आणि त्याही कुत्र्यांच्या निमित्ताने. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला, कारण विंचवाला दुष्ट मानणारा त्यांचा धर्म कुत्र्याला पवित्र मानतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन. मारायचे कोणाला यावर मतभेद, वाचवायचे कोणाला यावर एकमत झाले.

इथवरचा इतिहास हसतखेळत सांगण्याजोगा आहे. पुढचा नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याच्या जांघेतली गाठ पाहून निदान केले: प्लेग. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ साली, हाँगकाँगला येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला होता. रोगाचा जंतू कळला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा ते कळले नव्हते. हवेतून? घाणीतून? धान्यातून? कपड्यांतून? सरकारला काहीच ठाऊक नसल्यामुळे सरकारने सगळेच केले. घरांत कार्बोलिक ओतले, कौले उतरवून उजेड आत घेतला, सामान जाळले, माणसे उचलून छावण्यांत नेली, आगगाड्या थांबवून उतारूंच्या बगला तपासल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. १२३ वर्षांनी, २०२० साली, करोनाच्या वेळी हाच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी देवघरापर्यंत बूट नेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला आहे.

पण पाठ्यपुस्तकात न येणारी गोष्ट अशी की, या सगळ्या धामधुमीत खरा आरोपी अंथरुणातच बसलेला होता. घर धुतले तेव्हा उंदीर शेजारच्या घरात गेले आणि आपल्याबरोबर रोगही घेऊन गेले. सामान्य माणसाला काही अंदाज होता. ‘उंदीर पडू लागले’ म्हणजे घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे कित्येक गावांतल्या लोकांना सरकारच्या आधी कळले होते. मेलेला उंदीर अशुभ, एवढेच ते म्हणत. त्याचे कारण त्यांना सांगता येत नव्हते.

कारण सापडले ते कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने २ जून १८९८ रोजी एक साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला एक उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. तो मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात घालून एक निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता. पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदीर काही दिवसांनी प्लेगने मेला. एवढा सोपा पुरावा, पण कित्येक वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याला मान दिला नाही. पिसवेसारखी क्षुल्लक वस्तू एवढ्या मोठ्या संहाराला कारण होईल, हे विद्वानांना पटेना.

ते पटले मुंबईत, परळला. वॉल्डेमार हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात होती. तीच आजची हाफकीन संस्था. तिथे ग्लेन लिस्टन आणि पुढे प्लेग संशोधन मंडळाने १९०५ च्या सुमारास जे प्रयोग केले, ते वाचताना मला नेहमी एका परदेशी प्राण्याची आठवण ठेवावीशी वाटते. गिनीपिग. दक्षिण अमेरिकेतला हा गुबगुबीत, शेपूट नसलेला प्राणी. युरोपात तो मुलांचा लाडका, आमच्याकडे त्याला कोणी ओळखतही नव्हते. संशोधकांनी प्लेगने माणसे मेलेल्या, रिकाम्या केलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. थोड्या वेळाने पकडून पाहावे तर अंगावर उंदरांच्या पिसवा! उंदीर मेले होते, पिसवा उपाशी होत्या, त्यांना गरम रक्ताचा जो पहिला पाहुणा भेटला त्याच्यावर त्या चढल्या. आजवर तो पाहुणा म्हणजे माणूस असे.

मग त्यांनी आणखी एक युक्ती केली. अशाच घरांत गिनीपिगांचे दोन पिंजरे ठेवले. एकाभोवती चिकट पदार्थाचा रुंद पट्टा, दुसऱ्याभोवती काही नाही. हवा दोघांना तीच, जमीन तीच, घाण तीच. चिकट पट्ट्यातले प्राणी वाचले आणि पट्ट्यावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या. उघड्या पिंजऱ्यातले काही प्लेगने मेले. बारीक जाळीच्या पडद्याआड ठेवलेलेही असेच वाचले. परळला मुद्दाम छोट्या कोठ्या बांधून त्यांनी आणखी खात्री करून घेतली. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र कोंडले तरी रोग पसरत नव्हता. पिसवा जितक्या जास्त तितका तो वेगाने पसरे. गावठी कौलांच्या छपरात उंदीर किती आनंदाने नांदतात, हेही त्याच कामात नोंदले गेले.

तोवर देशात लाखो माणसे मेली होती. सगळ्या साथी मिळून पुढे हा आकडा एक कोटीच्या वर गेला. कार्बोलिकची पिंपे चुकीच्या जागी ओतली गेली म्हणून किती जीव गेले, त्याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पण मला वाटते की रँडच्या शिपायांना पिसू माहीत असती, तर देवघरात शिरण्याऐवजी त्यांनी कौलाखालचे उंदीर पाहिले असते.

दुसरा मोठा प्रसंग स्वातंत्र्यानंतरचा. पाउल म्युलर या स्विस संशोधकाने १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९४७ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाठीवर पंप घेतलेली माणसे खेडोपाडी फिरली, भिंती पांढऱ्या करून गेली, दारावर तारीख लिहून गेली. आमच्या आजीला ते चांगले आठवत असे. ती म्हणे, “हिवतापाचं आम्हांला काय कळतंय? ढेकूण मेले म्हणून आम्ही त्यांना चहा पाजला.”

इथे खरी मेख होती. लोकांनी फवारणी पत्करली ती डासांसाठी नव्हे, ढेकणांसाठी. हिवताप महिन्याने येतो, ढेकूण आज रात्री चावतो. पहिली काही वर्षे ढेकूण मेले. मग त्यांच्यातले जे विषाला पुरून उरले त्यांचीच प्रजा वाढली, आणि फवारणीनंतरही ढेकूण हिंडू लागले. ‘तुमच्या औषधात आता दम नाही’ म्हणून लोक दार लावून घेऊ लागले. दुसरी अडचण आमच्या सारवणाची. डीडीटी भिंतीवर बसून राहिले तरच भिंतीवर टेकलेला डास मरतो; पण सण आला की गृहिणी भिंत पुन्हा शेणामातीने लिंपणार. औषध लेपाखाली गाडले जाई. यात तिचा दोष नाही. भिंत स्वच्छ ठेवावी हेच तिला पिढ्यानपिढ्या शिकवलेले, आणि औषध भिंतीच्या वरच्या थरात असते हे तिला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. तरी १९६५ च्या सुमारास रोगी लाखावर आले, हे यश लहान नव्हे. नंतर ढिलाई झाली, डासही विषाला सरावले, आणि १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला.

विंचवासापांबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागेल, पण एक गोष्ट सांगतोच. काळा, दांडगा, दिसायला भयंकर असा विंचू चावला तर वेदना खूप, पण धोका सहसा कमी. जिवावर बेततो तो कोकणातला लहानसा तांबडा विंचू. काळा उतरवणारा मांत्रिक म्हणून तर प्रसिद्ध होतो. तो काही न करताही उतरणारच असतो. तांबडा चावल्यावर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, मग फुप्फुसात पाणी. पूर्वी यात कित्येक मुले दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी पाहिले की, विषाचा खरा मार हृदयावर आणि रक्तदाबावर आहे. आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. खेड्यातल्या दवाखान्यातले त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सापांतही तसेच. फणा काढणाऱ्या नागाला आपण भितो. मण्यार मात्र रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश कित्येकदा कळतही नाही, आणि सकाळी माणूस पोटात दुखते म्हणतो, पापण्या जड झाल्या म्हणतो. अशा माणसाला भगताकडे बसवू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिसर्पविष तिथेच मिळते. आणि पावसाळ्यात जमिनीवर निजू नका. खाटेवर निजा, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही, पण दरवर्षी आमच्या तालुक्यांत पावसाळा आला की या बातम्या येतात, म्हणून बोलल्यावाचून राहवत नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात मी नववीत होतो. सुरतेत प्लेग निघाल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. आमची लाइन तीच. पालघर स्टेशनवर उभ्या असलेल्या गाडीच्या खिडक्याखिडक्यांत तोंडाला रुमाल बांधलेली माणसे मी पाहिली. फलाटावरचे लोक मागे सरत होते; गाडीतल्या एका बाईने पाण्यासाठी तांब्या पुढे केला, तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी एका हमालाने तो भरून दिला. गावात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. साथ लवकर आटोक्यात आली, सुमारे पन्नास-साठ माणसे गेली. पुढे १९९५ पासून एस. आर. राव या आयुक्तांनी सुरत कशी धुऊन काढली ते प्रसिद्धच आहे. घरी मात्र त्या आठवड्यात माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा धान्याच्या पेट्या हलवून मागची बिळे बुजवली.

आता आमचा भाग पार बदलला आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत आली, बोईसरला सिमेंटच्या इमारती उठल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हाच वेगळा झाला. कूड गेला, त्याबरोबर वाळवी, विंचू कमी झाले. ढेकूण मात्र राहिला. उलट तो नव्याने जोमात आला. एका खोलीत पाळीपाळीने निजणारे आठ कामगार, एकाचे अंथरूण सुटले की दुसऱ्याचे पडते. ढेकणाला याहून काय हवे? नवी औषधेही त्याला पचू लागली आहेत. म्हणून काही लोक शेतीचे विष खोलीत फवारतात, नाहीतर धान्यात ठेवायच्या गोळ्या खाटेखाली ठेवून निजतात. कृपा करून असे करू नका. त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो बंद खोलीत ढेकणाआधी माणसाला मारतो, आणि शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या मुलालाही. असे मृत्यू झालेले आहेत. उकळते पाणी, कडक ऊन, खाटेच्या सांध्यांची झाडलोट आणि फटी बुजवणे हा कंटाळवाणा उपायच खरा.

आणि नवीन बिऱ्हाडकरूही आले आहेत, तेही भाडे न देणारे, पण विकत घेतलेले. काचेच्या पेटीतले मासे, अमेरिकेतले लाल कानपट्टीचे कासव, आफ्रिकेतला राखी पोपट, गिनीपिग. होय, तोच गिनीपिग. आता तो पोरांच्या मांडीवर बसतो. हौसेला नावे ठेवणारा मी नाही, पण हौसेचा इतिहास पाहावा. विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने १८४७ साली मॉरिशसहून मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. बागेतली एक गंमत, एवढेच. २०२२ साली लातूर, बीडकडच्या शेतकऱ्यांचे कोवळे सोयाबीन ज्या शंखी गोगलगायींनी फस्त केले, त्या याच जातीच्या. लाल कानपट्टीचे कासव मोठे झाले की लोक ते गावतळ्यात सोडतात. ते आमच्या देशी कासवांच्या मुळावर येते.

कायद्याचेही लोकांना उलटे ज्ञान आहे. घराघरांत पिंजऱ्यात दिसणारा आपला हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि परदेशी प्राणी पाळता येतो, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर यादीतल्या जातींची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

माझा एक जुना विद्यार्थी बोईसरला कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. बैठकीच्या खोलीत काचेची मोठी पेटी, वर तापता दिवा, आणि आत हातभर लांबीचा हिरवा इग्वाना. त्याची आजी विक्रमगडकडून आलेली, कोपऱ्यात पाय पसरून बसली होती.

“मास्तर,” ती मला म्हणाली, “ही घोरपड याने पैसे देऊन आणली. आमच्या लहानपणी बाप धरून आणायचा, कालवण व्हायचं. आता घोरपड धरली तर जंगलवाले धरतात म्हणे.”

“खरं आहे आजी,” मी म्हणालो, “आता ती धरता येत नाही.”

“मग ही कशी चालते?”

“ही आपल्या मुलखातली नाही, म्हणून.”

आजीने थोडा वेळ विचार केला. “म्हणजे जवळच्याला हात लावायचा नाय, लांबच्याला घरात ठेवायचं,” ती म्हणाली आणि नातवाकडे वळली, “नोंद केलीस काय रे हिची?”

तो काहीच बोलला नाही. मी त्याला नोंदणी कशी करायची ते कागदावर लिहून दिले. पुढच्या सुट्टीत करतो, असे तो म्हणाला. तेवढ्यात दिवे लागले. तापत्या दिव्याच्या उजेडाला पंखवाल्या मुंग्या येऊ लागल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळामागून एक साधी, घरची पाल निघून पेटीच्या काचेवर येऊन बसली. इग्वानाने तिच्याकडे पाहिलेही नाही. तो पालेभाजी खातो. पालीने एकेक मुंगी टिपायला सुरुवात केली. आजी म्हणाली, “हिला काय पाहिजे नाय,” आणि खाटेवर चढून तिने मच्छरदाणी सोडली.